पिंजाऱ्याच्या अंगणातली लूट

सन १९१९ च्या मकरसंक्रांतीला कारंजा-मानोरा रस्त्यावरील इंझोरी या गावी एकच लूट झाली. ती इमाम पिंजाऱ्याच्या अंगणात झाली. जिची लूट झाली ती मुलगी पाच महिन्यांची होती आणि पिंजाऱ्याच्या घरची नव्हती.

पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, आपण ज्याला बोरन्हाण म्हणतो त्याला वऱ्हाडात लूट म्हणतात. तान्ह्या मुलाला काळा झबला घालायचा, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरे, मुरमुरे, रेवड्या ओतायच्या आणि गल्लीतल्या पोरांनी त्या लुटायच्या. सूर्य खरा वळतो तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पंचांगातला सण त्यानंतर तीनेक आठवड्यांनी येतो. आपल्याकडे हे न्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही उरकतात. इंझोरीत ते संक्रांतीलाच करतात, आणि एकदा सुरू केले की मूल पाच वर्षांचे होईपर्यंत दरसाल करतात.

मी त्या वेळी अमरावतीच्या एका साप्ताहिकात होतो. साथीनंतर मानोऱ्याकडच्या गावांची स्थिती पाहून लिहावे, असे संपादकांनी सांगितले होते. आमच्या छापखान्यातला खिळे जुळवणारा सुखदेव त्याच बाजूला निघाला होता, म्हणून आम्ही बरोबर गेलो.

कारंजा ते इंझोरी

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळच्या लहान गाडीत बसलो आणि कारंज्याला उतरलो. स्टेशनाबाहेर किसन नावाच्या गाडीवानाची बैलगाडी मिळाली. सुखदेवाजवळ एक पत्र्याचा डबा होता. तो त्याने मूर्तिजापुरापासून मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

“काय हाय बावा त्याच्यात?” किसनने विचारले. “सोनं?”

“हलव्याचे दागिने हायेत. पोरीसाठी.”

“मंग धरून बस. हा रस्ता सोनाराचा नाई, लोहाराचा हाय. सारं मोडून देते.”

रस्त्यात सुखदेवाने त्याची हकीकत सांगितली. त्याची बायको रखमा पहिल्या बाळंतपणासाठी इंझोरीला माहेरी आली होती. श्रावणात मुलगी झाली. आश्विनात साथ आली. आम्ही वर्तमानपत्रात इन्फ्लुएन्झा छापत होतो. गावोगाव तिला मानमोडी म्हणत. रखमा आणि तिची आई एकाच आठवड्यात गेल्या. त्या आठवड्यातले मृतांचे आकडे सुखदेव स्वतःच जुळवत होता. इंझोरीचा निरोप त्याला त्यानंतर मिळाला. तो पोचला तेव्हा दिवसही होऊन गेले होते. घरात सासरे एकटे होते आणि मूल शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोच्या पदराखाली होते. तिचे स्वतःचे तान्हे त्याच आठवड्यात गेले होते.

“आता गोदीले न्यायाले चाललो,” तो म्हणाला. “माघात माहं लग्न हाय. रिसोडची पोरगी हाय. माही आत्या करीच्या दुसऱ्या दिवशी कारंज्याले येऊन थांबते. ती सांभाळन पोरीले.”

किसनने मागे वळून पाहिले. “पिंजारणीले सांगतलं का?”

“सासऱ्याले सांगतलं.”

“मी पिंजारणीचं विचारून राह्यलो.”

सुखदेव डब्याचे झाकण घट्ट बसवू लागला.

दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेते होती. त्या साली पाऊस अर्ध्यावर तुटला होता, झाडे गुडघ्याएवढीच होती. तरी बोंडे फुटली होती, आणि जानेवारी निम्मा आला तरी कित्येक शेतांत कापूस झाडावरच लोंबत होता. खाली पडून मातीत मळला होता. वेचायला बाया उरल्या नाहीत, असे किसन म्हणाला. बांधावरच्या बोरी मात्र लदबदल्या होत्या. पाऊस बेताचा झाला की बोर गोड होते, असे तो म्हणाला आणि उतरून ओंजळभर बोरे घेऊन आला. ती खरोखरच गोड होती.

एका नाल्यात चाक दगडावरून आपटले. सुखदेवाने डबा उघडून पाहिला. मुकुटाचे दोन तुकडे झाले होते.

भोगी

इंझोरीला पोचलो ती भोगीची दुपार होती. वेशीपासून सुखदेवाच्या सासऱ्यांच्या घरापर्यंत एकाही दारात रांगोळी दिसली नाही. तीळ लावलेल्या भाकरीचा वास कुठून आला नाही. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण करीत नाहीत, ही चाल आपल्याकडेही आहे. आपल्याकडे त्या घरी शेजारी ताट नेऊन देतात. इथे ताट नेऊन देणारे घर त्या गल्लीत उरले नव्हते.

सासरे तुळशीराम, गाव त्यांना आबाजी म्हणे. त्यांनी आम्हाला साध्या ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. स्वतः रांधलेली होती. भाकरीच्या कडा जाड होत्या. “आता शिकून राह्यलो,” ते म्हणाले.

कुंपणाच्या पलीकडे पिंजाऱ्याचे अंगण. तिथून पिंजणीच्या तातीचा आवाज येत होता. सुखदेव कुंपणापाशी गेला. पिंजाऱ्याची बायको बानूबी मुलीला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. वय वीस-बावीस असावे. तिने सुखदेवाला पाहिले आणि पदर पुढे ओढला. मूल त्याच्याकडे दिले नाही, आणि त्यानेही मागितले नाही.

“जाड झाली,” सुखदेव म्हणाला.

“दूध पेते ना,” बानूबी म्हणाली. “किती दिस हाय तुमी?”

“परवा कर हाय. करीच्या दुसऱ्या दिवशी निघतो.”

“आन् हे?”

सुखदेवाने मुलीकडे पाहिले. “आमी दोघंही निघतो, बानूभाबी.”

तातीचा आवाज थांबला होता. तो थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

जेवणानंतर सुखदेवाने डबा सासऱ्यांपुढे ठेवला. मुलीची पहिली संक्रांत आहे, लूट करूनच नेतो, असे म्हणाला. आबाजींनी झाकण उघडले नाही.

“या घरात सण नाई. आश्विनापावतर नाई.”

“मले मालूम हाय. पर पहिली लूट चुकली तर लेकराले...”

“त्या देवकीच्या घरी करू म्हनशीन तर तिचा पोरगा गेला. सदाशिवच्या घरी म्हनशीन तर तो सोताच गेला. कोनाच्या घरी करतं, सांग.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून बानूबी बोलली. तिने सारे ऐकले होते.

“माह्या अंगनात करा, आबाजी.”

“तुह्या घरीही तर गमी झाली, बाई.”

“आमच्यात तीन दिस असते,” बानूबी म्हणाली. “माहे तीन दिस कवाचेच झाले.”

आबाजींनी डब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “पन आमी मोठे मान्सं येऊ शकत नाई तिथं.”

“लेकरं?”

“लेकराइले कायचा सन आन् कायचं सुतक. लेकरं येतीन.”

तसे ठरले. संध्याकाळी इमाम पिंजारी काम आटोपून उठलेला पाहून आबाजी ओट्यावरून म्हणाले, “काऊन रे पिंजाऱ्या, तुह्या अंगनात संक्रांत आली लेका!”

“येऊ द्या ना जी,” इमाम म्हणाला. “ईदीच्या शीरखुर्म्याले पयले कोन येते मंग?”

आबाजी हसले. घरात शिरल्यापासून मी त्यांना तेवढे एकदाच हसताना पाहिले.

संक्रांत

सकाळी आबाजींनी रखमाची पेटी उघडून तिची काळी चंद्रकळा काढली आणि कुंपणावरून बानूबीला दिली. झबला शिवायचा होता. बानूबीने लुगडे दोन्ही हातांत धरले. कात्री लावण्याआधी तिने विचारले, “फाडू?”

“फाड,” आबाजी म्हणाले.

दुपारपर्यंत झबला झाला. पदराकडचे कापड वापरले होते, म्हणून खाली रेशमी काठ आला.

पाट पिंजाऱ्याच्या घरी नव्हता. तो आबाजींच्या घरून गेला. रखमाच्या लग्नातला होता, कडेला पितळी फुले मारलेली होती. तो डोक्यावर घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली ती चंद्री, शेजारच्या घरची दहा वर्षांची मुलगी. तिची आई कार्तिकात गेली होती. धाकटा भाऊ तिच्या कमरेवर होता आणि तो जवळजवळ दिवसभर तिथेच राहिला.

मुले येऊ लागली. मोठी माणसे रस्त्यावर, कुंपणाच्या बाहेर उभी राहिली. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कोणी आत पाऊल टाकले नाही. बऱ्याच मुलग्यांची डोकी सुतकात भादरलेली होती. केस दोन-तीन महिन्यांचे उगवले होते. कोणाच्या घरी काय झाले ते डोक्यांवरून कळत होते.

लूट कशी करतात हे बानूबीने दुरून पाहिले होते, स्वतः केली नव्हती. तिने मुलीला पाटावर बसवले आणि बोरांचे माप उचलले.

“असं नसते, काकी!” चंद्री ओरडली. “पयले कुकू लावा लागते. मंग दागिने. मंग ओवाळा लागते. मंग बोरं!”

“बरं बाई. तू सांग.”

“तोंड तिकडं करा पोरीचं. उगवतीकडं.”

“आत्ता तर सूर्य मावळतीकडं हाय,” एक मुलगा म्हणाला.

“तू चूप बैस. तुले काय समजते? तुही लूट झाली तवा तू रडून पाट ओला केला होता, मायनं सांगतलं मले.”

मुले हसली. कुंपणाबाहेरची एक बाईही हसली आणि तिने लगेच तोंडावर पदर घेतला.

ओवाळायला पाच सुवासिनी लागतात. त्या रस्त्यावर होत्या, पण सण असलेल्या घरच्या नव्हत्या. चंद्रीने कुंपणाकडे पाहून विचारले, “कुवारनी चालतीन का जी?” आबाजींनी मान हलवली. चंद्रीने चार मुली निवडल्या, पाचवी स्वतः. निवडताना भांडण झाले. एकीला नाक पुसून यायला सांगितले.

गोदीला दागिने घातले. मोडलेला मुकुट चंद्रीने दोऱ्याने बांधला, तो तिच्या एका कानावर कलंडला. गोदीने गळ्यातली माळ तोंडात घातली. मुलींनी ओवाळले. मग चंद्रीने भावाला खाली ठेवले, माप उचलले आणि बोरे, मुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे कांडे असे सगळे मुलीच्या डोक्यावरून ओतले. गोदी दचकली. ओठ काढला. सगळ्यांनी पाहिले ती रडते का. ती रडली नाही. पाटावर पडलेले एक बोर मुठीत धरायचा प्रयत्न करू लागली.

मुले तुटून पडली. धूळ उडाली. कोणाची कोपरे, कोणाचे गुडघे. मुकुटाचा अर्धा भाग एका मुलाने खाल्ला आणि चंद्रीने त्याला मारले. गोदीला पाटावरून उचलून बानूबी भिंतीशी उभी राहिली. त्या गोंधळात मुलीने तिच्या पदराखाली तोंड घातले. तिने तिला तशीच पाजायला घेतली.

बाहेर एक म्हातारी मोठ्याने मोजत होती. लुटायला आलेली मुले मोजत होती. मध्येच ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. तिला कोणी थांबवले नाही.

मुले गेल्यावर चंद्री पाट परत न्यायला वाकली. आबाजी कुंपणाबाहेरून म्हणाले, “राहू दे तिथंच.”

कर

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, या भागात कोणी गाव सोडत नाही. मला मानोऱ्याला जायचे होते. गाडी मिळाली नाही. किसनने बैल सोडून टाकले होते. “सायेब, पोलिस आनला तरी आज जू बांधनार नाई,” तो म्हणाला. मानोरा माझ्याने पाहून झाला नाही. हा दिवस इंझोरीत गेला.

इमाम मात्र पिंजत होता. त्याने घरातला सर्वांत स्वच्छ कापूस काढला होता. धनुकलीची तात वाजली की कापूस फेसासारखा वर येई. तान्ह्या मुलीसाठी दुलई भरायची होती. त्याने मला बसायला पोते दिले.

“गाडीत लहान लेकराले हवा लागते,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, काम न थांबवता: “आमचा पोरगा गेला तवा तिच्या अंगात दूध दाटलं. तापही होता. रडे, भिताडाले डोकं आपटे. तेवढ्यात आबाजी पोरगी घेऊन आले. म्हने, ईले घे नाहीतर ही पन जाते. तिनं घेतली. दोघीही वाचल्या.”

दुपारी सुखदेव कुंपणाशी आला. बानूबी दुलईला टाके घालीत होती.

“आत्याजवळ गाईचं दूध असन,” तो म्हणाला. “बोंडल्यानं पाजू.”

“बोंडलं ती घेत नाई. मी पाह्यलं एक डाव.”

“मंग?”

“मंग कारंज्यापावतर मी येतो. गाडीत भुकेजन ती.”

सुखदेवाने इमामकडे पाहिले. इमाम म्हणाला, “जाऊ द्या. मी पन येतो.”

सुखदेव उभाच राहिला. मग म्हणाला, “बानूभाबी, लूट पाच वरीस करा लागते. पुढच्या संक्रांतीले मी पोरीले घेऊन येतो. याच अंगनात करू.”

बानूबीने सुई थांबवली. “पाच वरीस?”

“व्हय.”

“जबान देता?”

“देली.”

“मंग पाट घरीच ठेवा लागन,” ती म्हणाली.

पुन्हा कारंजा

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर निघालो. आबाजी वेशीपर्यंत आले. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून गेले. गाडीत बानूबी मागे, मूल दुलईत. नाला आला तेव्हा इमाम आणि सुखदेव उतरले आणि दोन्ही बाजूंनी चाकाला हात देऊन गाडी उचलून पार केली. चाक आपटले नाही. वाटेत बानूबीने मुलीला दोनदा पाजले.

कारंज्याला स्टेशनाच्या झाडाखाली सुखदेवाची आत्या गोपिकाबाई बसली होती. जवळ चरवी, चांदीचे बोंडले आणि धुतलेले फडके. तिने मूल मागून घेतले, तोंड पाहिले आणि पहिल्यांदा म्हणाली, “रखमावरच गेली.” मग डोळे पुसले. मग बोंडले भरले.

गोदीने तोंड फिरवले. दूध गालावरून कानात गेले. ती रडू लागली आणि रडता रडता बानूबीकडे झेपावली. आत्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच झाले. गाडी फलाटावर लागली होती.

बानूबी दोन हात अंतरावर उभी होती. ती जवळ आली नाही. इमाम सुखदेवाला हळू म्हणाला, “नाई घेत. पाह्यलं ना? दोन महिने अजून राहू द्या.”

सुखदेवाने आत्याकडे पाहिले. आत्या म्हणाली, “पोरगी उपाशी मरन रे वाटेनं. काय करतं?”

सुखदेव एकदा गाडीकडे, एकदा बानूबीकडे पाहू लागला. इंजिनाने शिटी दिली. मूल रडतच होते.

बानूबी म्हणाली, “तसं नाई, आत्याबाई. आडवं नोका धरू. मानेखाली हात द्या. पयले गालाले बोट लावा, तोंड उघडते ते. मंग थेंब-थेंब.”

“मले नाई जमत बाई,” आत्या म्हणाली, आणि क्षणभर थांबून बोंडले तिच्या पुढे केले. “तू दाखव.”

बानूबीने मूल घेतले. पदर घट्ट गुंडाळून खोचला, मुलीचा हात तिथे जाऊ नये म्हणून. गालाला बोट लावले. मुलीने तोंड उघडले. दूध ओठावर थेंब थेंब पडले. पहिले बाहेर आले. नंतरचे आत गेले. मग मूल चोखू लागले. बोंडले रिकामे झाले.

तिने मूल आत्याच्या हातात दिले. आत्याने डब्यात बसून बोंडले धुतले आणि फडक्यात गुंडाळून ठेवले. गाडी हलली तेव्हा गोदी झोपली होती. मूर्तिजापुरापर्यंत ती उठली नाही.

पुढची संक्रांत

सुखदेवाचे लग्न माघात झाले. त्या वर्षी पाऊस बरा झाला. साथ परत आली नाही. दिवाळीनंतर त्याने दोनदा मला सांगितले की संक्रांतीला इंझोरीला जायचे आहे.

नव्या सुनेची पहिली संक्रांत सासरी होते. हळदीकुंकू असते, काळी चंद्रकळा असते, तिलाही हलव्याचे दागिने घालतात. तिचे वडील वाण घेऊन रिसोडहून येणार होते. त्या दिवशी सुखदेवाला घर सोडता येत नव्हते. गोदीची दुसरी लूट अमरावतीलाच झाली. मी हजर होतो. मुलगी आता चालत होती. मागच्या वर्षीचा झबला होत नव्हता, म्हणून नवा शिवला होता. सुखदेवाच्या बायकोने तिला मांडीवर घेतले होते. बोरे ओतताच गोदी मांडीवरून उतरली आणि इतर मुलांबरोबर लुटू लागली. सुखदेव थोड्या वेळाने उठून मागच्या दारी गेला.

फाल्गुनात कापसाच्या बाजाराची हकीकत लिहायला मी कारंज्याला गेलो होतो. स्टेशनाबाहेर किसन भेटला. त्याने विचारले, “आले काऊन नाई तुमी लोक?” मी कारण सांगितले. तो म्हणाला, “हो, पयली संक्रांत म्हनल्यावर काय करन तो.”

मग त्याने सांगितले ते असे. यंदा इंझोरीत सगळ्यांची वर्षे संपली होती. गल्लीगल्लीत लुटी होत्या. बानूबीने सकाळीच अंगण सारवून पाट मांडला. बोरे, मुरमुरे सुपात भरून ठेवले. चंद्रीसह काही मुले तिच्याकडे येऊन बसली. किसनची गाडी त्या दिवशी कारंज्याहून इंझोरीला गेली होती. तिच्यात मिठाच्या गोण्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून बानूबी रस्त्यावर आली आणि गोण्या पाहून परत गेली. दिवस मावळायला आला तेव्हा इमामने सुपातली बोरे मुलांना वाटून दिली. मुले घरी गेली.

करीच्या दुसऱ्या दिवशी किसन परत निघाला. पाट अंगणातच होता.